शिवाजी विद्यापीठात मराठी माध्यमातून एम.ए.: समाजशास्त्र की इतिहास? वाचन आणि क्षेत्र प्रकल्प कसा जमवायचा?

ओढ्याकाठ

बी.ए.ला समाजशास्त्र मुख्य आणि इतिहास जोडीला, तिन्ही वर्षं मराठी माध्यम. आता शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतच एम.ए. करायचं आहे. त्यामुळे पुण्याला जा, दिल्लीला जा असा सल्ला नको. इथे राहून अभ्यास चांगला कसा होईल ते हवं आहे.

अडलंय ते असं. समाजशास्त्र चालू ठेवावं की इतिहासाकडे वळावं? कोल्हापुरात विद्यापीठाच्या आवारातल्या विभागात जावं की तालुक्याच्या महाविद्यालयातल्या पदव्युत्तर वर्गाला? वर्गात मराठी चालते, पण वाचनाची यादी जवळपास सगळी इंग्रजी. मराठी माध्यमातल्या विद्यार्थिनीनं ती कशी पेलायची? आणि दुसऱ्या सत्रातला क्षेत्र प्रकल्प नेमका करतात कसा? ग्रामसभेतल्या स्त्रियांच्या सहभागावर काहीतरी करावं असं मनात आहे, पण त्यापुढे गाडी सरकत नाही. नेट-सेटचंही (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांचं) सांगा.

माळरान

आधी अभ्यासक्रमाचा सांगाडा नीट बघा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातलं दोन वर्षांचं एम.ए. ८८ श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं) झालं आहे, सत्राला २२. पहिल्या सत्रात मुख्य विषयाचे १४, ऐच्छिक ४ आणि संशोधन पद्धती ४. दुसऱ्यात संशोधन पद्धतीच्या जागी कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्र प्रकल्प येतो, तोही ४. तिसऱ्यात संशोधन प्रकल्प ४. चौथ्या सत्रात तो ६ श्रेयांकांचा होतो आणि मुख्य विषय १२ वर उतरतो. बेरीज केली तर ८८ पैकी १८ श्रेयांक संशोधनाचे निघतात. बहुतेक मुलं हे चौथ्या सत्रात मोजतात आणि तेव्हा उशीर झालेला असतो. पहिल्या सत्रात जो विषय डोक्यात असेल तोच चारही टप्प्यांतून पुढे न्या. पद्धतीच्या पेपरात त्याचा आराखडा, दुसऱ्या सत्रात माहिती गोळा करणं, तिसऱ्या-चौथ्यात विश्लेषण आणि प्रबंधिका. दर सत्राला नवा विषय घेतला की १८ श्रेयांकांतून चार अर्धवट फाइली हाती राहतात.

तासांचा हिशेबही ध्यानात ठेवा. तासिकेचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, क्षेत्रकार्याचा एक म्हणजे ३० तास. म्हणजे ४ श्रेयांकांच्या क्षेत्र प्रकल्पाला १२० तास. रोज सहा तास धरले तरी पुरते २० दिवस जातात. सलग सुट्टीत एवढे दिवस मिळत नाहीत, म्हणून गाव जवळचं निवडणं हा आळस नाही, शहाणपण आहे.

समाजशास्त्र की इतिहास, याचं माझ्यापुरतं उत्तर स्पष्ट आहे: जे तीन वर्षं मुख्य म्हणून केलं ते सोडू नका. एम.ए. ज्या विषयात, त्याच विषयात नेट-सेट द्यायची असते आणि पुढे प्राध्यापकपदाच्या जाहिरातीतही तोच विषय बघतात. इतिहासाची ओढ असेल तर ती ऐच्छिक पेपरात आणि प्रकल्पात भागवता येते.

विभाग की महाविद्यालय? पदवी एकाच विद्यापीठाची, अभ्यासक्रमही सहसा तोच. फरक पडतो तो तीन गोष्टींत, आणि त्या प्रवेशाआधी प्रत्यक्ष जाऊन विचारा. पदव्युत्तर वर्गाला पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती? माहितीपत्रकात ऐच्छिक पेपर पाच छापलेले असतात, त्यातले गेल्या वर्षी प्रत्यक्ष शिकवले किती? (बऱ्याच ठिकाणी उत्तर ‘एक’ असतं, आणि मग ऐच्छिक हे नावालाच.) तिसरी गोष्ट ग्रंथालय. आवारातल्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जुने प्रबंध आणि नियतकालिकांचे बांधीव खंड आहेत, शिवाय १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत राज्य विद्यापीठांना हजारो संशोधनपत्रिका मोफत वाचता येतात. ती योजना सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे, त्यामुळे खासगी संस्थेच्या महाविद्यालयात जाणार असाल तर तिथे काय मिळतं हे ग्रंथपालांनाच विचारा, कार्यालयात नको.

घरून ये-जा करणं भागच असेल तर महाविद्यालय घ्या, पण आठवड्यातला एक पूर्ण दिवस विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी राखून ठेवा. महाविद्यालयाच्या शिफारसपत्रावर बाहेरच्या वाचकाला बसून वाचायची सोय सहसा होते.

शब्दवेल्हाळ

इंग्रजी वाचनाबद्दल लिहितो, कारण यात चूक नेहमी एकाच जागी होते. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून शब्दकोश उघडून बसतात, तिसऱ्या पानावर दमतात आणि मग बाजारातल्या प्रश्नोत्तरांच्या गाइडकडे वळतात.

वीस पानांचा लेख असेल तर आधी मराठीत पाया घाला. मराठी विश्वकोश महाजालावर मोफत आहे. त्यात त्या संकल्पनेची किंवा विचारवंताची नोंद असेल तर ती आधी वाचा. भारतीय समाजविज्ञान कोश विभागाच्या ग्रंथालयात असला तर तोही. मग लेखाचा पहिला भाग, शेवटचा भाग आणि मधली उपशीर्षकं, एवढंच वाचून एका कागदावर मराठीत तीन ओळी लिहा: लेखक कोणाशी वाद घालतोय, स्वतः काय म्हणतोय, पुरावा कशाचा देतोय. या तीन ओळी जमल्याशिवाय मधली पानं उघडू नका. त्यानंतर पूर्ण वाचन, आणि त्यातही फक्त तेच शब्द शोधा जे तीनदा आले. एकदाच आलेला अवघड शब्द सोडून दिला तर काही बिघडत नाही.

दुसरं काम म्हणजे संज्ञांची वही. एका पानावर चार रकाने: इंग्रजी संज्ञा देवनागरीत, तुम्ही वापरणार तो मराठी शब्द, दुसरे लेखक वापरतात ते पर्याय, आणि एक उदाहरण. ही वही का लागते ते एका संज्ञेवरून सांगतो. ‘हेजेमनी’साठी मराठीत कोणी ‘धुरीणत्व’ लिहितं, कोणी ‘वर्चस्व’. आता ‘डॉमिनेशन’लाही आपण ‘वर्चस्व’च म्हणतो. इटालियन विचारवंत ग्राम्शीचा सगळा मुद्दाच हा आहे की सत्ता नुसत्या जबरदस्तीवर टिकत नाही, तिला लोकांची संमती मिळवावी लागते. दोन्हींना एकच शब्द वापरला की उत्तरपत्रिकेत हा भेद पुसला जातो. परीक्षकाला वाटतं विद्यार्थ्याला कळलेलं नाही, आणि खरं तर फक्त शब्द घसरलेला असतो. म्हणून ‘धुरीणत्व’ आणि ‘वर्चस्व’ वेगळे ठेवा. पहिल्यांदा वापरताना इंग्रजी संज्ञा देवनागरीत शेजारी द्या आणि शेवटपर्यंत तोच शब्द ठेवा. समाजशास्त्रज्ञ श्रीनिवासांच्या ‘डॉमिनंट कास्ट’चंही (गावात वजन असलेल्या जातीचंही) तसंच: प्रभावी, प्रबळ, प्रभुत्वशाली असे तिन्ही शब्द पुस्तकांत सापडतील. एक निवडा आणि त्याला चिकटून राहा.

भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश महाजालावर शोधता येतात. ते हाताशी असू द्या, पण डोळे मिटून घेऊ नका. काही प्रतिशब्द इतके संस्कृतप्रचुर आहेत की वर्गात कोणी उच्चारत नाही. समाज प्रबोधन पत्रिका आणि नवभारत यांचे जुने अंक चाळलेत तर अभ्यासक प्रत्यक्ष लिहिताना कोणता शब्द पसंत करतात ते दिसतं. सामाजिक शास्त्रांची मराठी अशी नियतकालिकांत घडत आली आहे, तिथूनच ती उचलावी.

आठवड्याला दोन लेख, एवढं पुष्कळ झालं. पंधरा आठवड्यांच्या सत्रात तीस लेख होतात, आणि तीस लेखांच्या तीन-तीन ओळी हाताशी असतील तर गाइडची गरज उरत नाही.

पारावरून

ग्रामसभेचा विषय चांगला आहे, फक्त ‘सहभाग’ हा शब्द मोजता येईल असा करून घ्या. माझी सूचना: एका तालुक्यातल्या चार ग्रामपंचायती, मागची पाच वर्षं, ग्रामसभेची इतिवृत्तं (सभेच्या कामकाजाच्या लेखी नोंदी). महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. चार गावं गुणिले चार सभा गुणिले पाच वर्षं म्हणजे ८० सभांच्या नोंदी होतात. एम.ए.च्या प्रकल्पाला हे भरपूर आहे, आणि आवाक्याबाहेरही जात नाही.

प्रत्येक सभेसाठी तक्त्यात एक ओळ. तारीख, नियमित सभा की तहकूब, गावातले मतदार, एकूण उपस्थिती, त्यात स्त्रिया, एकूण ठराव, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किती ठरावांना सूचक म्हणून स्त्रीचं नाव आहे आणि किती ठरावांना अनुमोदक म्हणून. हे दोन रकाने सुटले तर प्रकल्प हजेरीपटावरच थांबतो. अनुमोदक म्हणून नाव घालणं हा पुष्कळदा उपचार असतो. सूचक म्हणून येणारं नाव जास्त बोलकं. दोन्हींतली तफावत वर्षागणिक कशी बदलते, हाच तुमचा मुख्य तक्ता.

आता इतिवृत्त काय सांगत नाही ते. गणपूर्तीसाठी (कोरमसाठी) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती लागते. १,८०० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे २७०, म्हणून तिथे १०० पुरतात; ५०० मतदारांच्या वाडीत ७५. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणून नियमित आणि तहकूब सभांची सरासरी एकत्र काढली की आकडे फसवे येतात. दोन्ही वेगळ्या ठेवा. शिवाय सह्या नंतर घरोघरी जाऊन गोळा केलेल्या असू शकतात. सह्यांच्या पानावर एकाच शाईच्या, एकाच वळणाच्या पाच-सहा सह्या ओळीने दिसल्या तर तशी नोंद करा, निष्कर्ष काढू नका. म्हणूनच एक तरी ग्रामसभा डोळ्यांनी पाहायला हवी. बहुतेक गावांत ती २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होते. दुसऱ्या सत्रात खात्रीनं हाताशी येणारी २६ जानेवारीचीच, १ मेपर्यंत अहवाल द्यायची वेळ आलेली असते. ती चुकवू नका. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, तिचंही इतिवृत्त मागा. महिला सभेत मांडलेला विषय ग्रामसभेच्या ठरावात पोचला का, हे ताडून बघणं मला तरी या सगळ्या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

मुलाखती कोणाच्या? २०११ पासून पंचायतींत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. चार ग्रामपंचायतींत मिळून साधारण २२ स्त्री सदस्य निघतील असं धरू. एवढ्या थोड्यांतून नमुना काढायची गरजच नाही, सगळ्यांनाच भेटा. ‘तुम्ही ग्रामसभेत सहभागी होता का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’च येणार. त्याऐवजी विचारा, ‘मागच्या सभेत कोणता विषय तुम्ही काढलात? त्यावर कोण काय बोललं? तो वहीत लिहिला गेला का?’ घरी भेटलात तर उत्तर नवरा किंवा दीर देण्याची शक्यता मोठी. बचत गटाच्या बैठकीनंतरची वेळ गाठा, तिथे बाई मोकळेपणानं बोलते.

माळरान यांनी १२० तास म्हटलंय, ते असे बसवा. एका सभेची नोंद उतरवायला २० मिनिटं धरली तर ८० सभांना सुमारे २७ तास. २२ मुलाखती, जाण्यायेण्यासकट दीड-दीड तास, ३३ तास. इथे गडबड होते ती ध्वनिमुद्रणाची. एक तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला किमान चार तास लागतात. पाऊण तासाच्या २२ मुलाखती म्हणजे साडेसोळा तास बोलणं, ते उतरवायला ६६ तास, आणि हिशेब कोलमडला. म्हणून सहाच मुलाखती शब्दशः उतरवा (१८ तास), बाकीच्यांची टिपणं त्याच संध्याकाळी लिहून काढा. सभांचं निरीक्षण १० तास, तक्ते आणि लेखन ३० तास. बेरीज ११८.

इतिवृत्त मिळवण्यासाठी आधी विभागप्रमुखांचं पत्र घेऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटा. सोबत एका कागदावर लिहून न्या की कुणाचं वैयक्तिक नाव अहवालात येणार नाही. बहुतेक ठिकाणी काम होतं. नाहीच झालं तर माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचं न्यायालयीन मुद्रांक तिकीट, उत्तराची मुदत ३० दिवस. पण सुरुवातच अर्जानं केलीत तर गावात तुमच्याकडे तक्रारदार म्हणून बघतील आणि मुलाखती अवघड होतील. अर्ज शेवटी.

ओढ्याकाठ

हे अगदी हवं होतं तसं मिळालं. एक भर: मार्गदर्शकांनी सुचवलंय की याच्या जोडीला एका गावात ६० कुटुंबांचं सर्वेक्षणही घ्या. कुटुंबं निवडायची कशी? मतदार यादीतून प्रत्येक सातवं नाव घेतलं तर चालेल का?

दुसरं, इतिहासाबद्दल कुणी फारसं बोललं नाही. समाजशास्त्रच ठेवायचं मनाशी येतंय, पण जुनी कागदपत्रं वापरायला मोडी शिकावी का?

पारावरून

मतदार यादीत माणसं असतात, कुटुंबं नव्हेत. आठ मतदारांचं घर दोन मतदारांच्या घरापेक्षा निवडलं जाण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणजे मोठी, एकत्र कुटुंबं नमुन्यात जास्त येतात आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, परित्यक्ता सुटतात. स्त्रियांवरच्या अभ्यासात हे परवडणारं नाही.

त्यापेक्षा ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा, कर आकारणीचा, त्यात घरवार नोंद असते. ४२० घरं आणि ६० हवीत, तर दर सातवं घर. पहिलं घर १ ते ७ मधून चिठ्ठी टाकून ठरवा, मग तिथून पुढे सात-सात. यादी आळीवार असल्यानं सगळ्या वस्त्यांतून घरं आपोआप येतात. यातही दोन भोकं आहेत. एकाच कुटुंबाच्या नावावर दोन घरं असू शकतात, आणि एका घरात दोन चुली असू शकतात. म्हणून दारात पहिला प्रश्न, ‘चुली किती?’ एकत्र शिजतं ते एक कुटुंब, जनगणनाही हेच धरते. दोन चुली निघाल्या तर कोणती घ्यायची हेही आधी ठरवून ठेवा, उदाहरणार्थ दरवेळी चिठ्ठी. वेगळी चूल मांडलेली सून आणि एकत्र घरातली सून यांची उत्तरं वेगळी येतात. तुमच्या विषयाला ती हवीतच. नमुना ८ मध्ये नोंदच नसलेली घरं गावाच्या कडेला असतील तर ती चालत जाऊन मोजा आणि यादीच्या शेवटी जोडा.

कुलूप असेल तर शेजारचं घर घेऊ नका. तीन वेगळ्या वेळी जा, त्यातली एक संध्याकाळी सातनंतर. दुपारी गेलात तर घरात म्हातारी माणसंच भेटतात. आणि ऊसतोडीच्या हंगामात अख्खी घरं बाहेर असतात. ‘तीन भेटींत भेटले नाहीत’ हा आकडाही अहवालात छापा.

उत्पन्न रुपयांत विचारू नका, कुणालाच ते तसं माहीत नसतं. जमीन किती गुंठे, पाणी कशाचं, पिकं कोणती, मजुरीचे दिवस किती, दूध डेअरीला किती जातं, एवढं विचारा. पहिल्या पाच घरांत प्रश्नावली तपासून बघा आणि ती पाच घरं साठांत धरू नका.

मात्र मनापासून सांगायचं तर १२० तासांत इतिवृत्तं, २२ मुलाखती आणि ६० घरं हे तिन्ही बसत नाही. मार्गदर्शकांना वरचा तासांचा हिशेब दाखवा आणि सर्वेक्षण तिसऱ्या सत्राच्या प्रकल्पात ढकला. तिथे आणखी ४ श्रेयांक आहेतच.

दप्तरदार

इतिहासाची बाजू मांडतो. समाजशास्त्र ठेवलंत तरी हरकत नाही, पण तुम्ही ज्या भागात शिकताय तिथे समाजशास्त्राचं अर्धं सामान दप्तरखान्यात पडलेलं आहे. औंध संस्थानानं १९३९ साली राज्यकारभार लोकांच्या, म्हणजे गावपंचायतींच्या हाती सोपवणारी घटना केली. साताऱ्यात १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारनं गावोगाव न्यायनिवाडे केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली ५० टक्के जागा राखीव ठेवण्याचा आदेश काढला, १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, औंध-सांगली वगैरे त्याच्या आदल्या वर्षी. तुमच्या चार गावांपैकी एखादं पूर्वी औंधात असेल आणि शेजारचं थेट ब्रिटिश अमलाखालचं, तर आज दोघांच्या ग्रामसभांत काही फरक दिसतो का? हा प्रश्न या विद्यापीठात बसूनच नीट विचारता येतो. औंधची गावं सलग नव्हती, विखुरलेली होती, त्यामुळे अशी जोडी सापडणं शक्य आहे. जिल्हा गॅझेटियरमध्ये आणि जुन्या जनगणनेच्या पुस्तकांत कोणतं गाव कुठल्या संस्थानात ते पाहा.

मोडी शिकाच. विसाव्या शतकातल्या संस्थानी कागदांत छापील आणि बाळबोध (देवनागरी) मजकूर बराच मिळतो, त्यासाठी थांबायला नको. पण त्यामागे जायचं तर मोडीला पर्याय नाही. रोज एक तास दिलात तर अक्षरओळख दोन-तीन आठवड्यांत होते. वाचन जमायला सहा महिने धरा. अडचण अक्षरांची नसतेच. मोडीत आधी पानभर शिरोरेखा ओढतात आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात, त्यामुळे शब्द कुठे संपला ते कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. म्हणून शब्द शोधत बसू नका, आधी ठरावीक सांगाडा ओळखायला शिका: मायना, तारीख, ‘विज्ञापना’, ‘बहुत काय लिहिणे’. हे ठोकळे ओळखले की उरतो तो मजकूर, आणि तो दोनदा-तीनदा वाचला की सुटतो. सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कागदांपासून करा, त्यातला हात सुटा असतो. पेशवाईतला बोरूचा हात नंतर.

तारखेत बहुतेकांचा घात होतो, म्हणून एक उदाहरण. कागदावर ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असं आहे. हे अरबी आकडे, एककापासून वर वाचायचे: इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. म्हणजे शुहूर सन (मराठी दप्तरांतली जुनी कालगणना) ११६१. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून महिना मृगापासून डिसेंबरपर्यंतचा असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर ६००. इसवी सन १७६०-६१. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, ती याच वर्षात पडते. सरसकट ६०० मिळवणारा विद्यार्थी पावसाळ्यातला प्रत्येक कागद एक वर्ष पुढे ढकलतो आणि मग घटनांचा क्रमच उलटतो. तारखेआधी ‘छ’ दिसला तर पुढचा आकडा मुसलमानी महिन्यातल्या चंद्ररात्रीचा आहे, तिथी समजून घेऊ नका.

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जाताना विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्र आणि पेन्सिल न्या. शाईचं पेन कागदाजवळ चालत नाही. कागद रुमालात बांधलेले असतात. टिपण घेताना पहिली ओळ दप्तराचं नाव, रुमाल क्रमांक आणि कागदाचा क्रमांक, मगच मजकूर. हे राहिलं तर सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा सापडत नाही, आणि संदर्भ नसलेलं अवतरण परीक्षक काढायला लावतात.

आणखी एक: सोलापूर जिल्हा २००४ पर्यंत शिवाजी विद्यापीठाच्याच हद्दीत होता. त्याआधीचे सोलापूरवरचे प्रबंध कोल्हापूरच्या ग्रंथालयात शोधा. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या महाजालावरच्या संग्रहात, सगळे जुने प्रबंध चढलेले नाहीत.

माळरान

नेट-सेट राहिलं होतं. दोन्हींचा ढाचा सारखाच: पहिला पेपर ५० प्रश्न, १०० गुण, दुसरा तुमच्या विषयाचा, १०० प्रश्न, २०० गुण, एकूण तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. नेटचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो. सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती, पण समाजशास्त्राचा पेपर मराठीतही असतो. म्हणून आधी सेट, असं बहुतेकजण सांगतात. मला हे पटत नाही. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरले जातात आणि संशोधनवृत्तीही त्याच परीक्षेतून मिळते. शब्दवेल्हाळ यांनी सांगितलेली संज्ञांची वही चार सत्रं भरलीत तर इंग्रजी पेपरातला प्रश्न ओळखीचाच वाटतो. तिसऱ्या सत्रापासून दोन्ही द्या. पहिला पेपर सामान्य अभियोग्यतेचा आहे. त्यातली आकडेवारी, तक्तेवाचन आणि संशोधन पद्धती तुम्ही प्रकल्पात करणारच आहात.

शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर प्रवेश झाल्या-झाल्या भरा. उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं या दोन जागी अर्ज अडकतात. खातं चालू आहे ना, ते आधी बँकेत जाऊन बघून या.

शब्दवेल्हाळ

माळरान यांच्याशी थोडा मतभेद: मराठी माध्यमाच्या विद्यार्थिनीनं पहिली परीक्षा सेटच द्यावी. तीन तासांत दीडशे प्रश्न सोडवायचे तर वाचनाचा वेगही लागतो, आणि तो मराठीत आधीपासून असतो. तो सराव झाला की नेटला बसा.

टंकलेखनाचंही सांगून ठेवतो, कारण हे चौथ्या सत्रात कळून उपयोग नाही. पहिल्या सत्रापासून सगळं युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्ट कळफलकावर लिहा. सराव जमायला महिनाभर लागतो. टायपिंगवाल्याकडे दिलंत तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये करून देतो. कागदावर ते छान दिसतं, पण आत संगणकाला रोमन अक्षरंच दिसत असतात. त्यात शोध चालत नाही, वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर मजकूर वाचू शकत नाही, आणि परिवर्तकातून काढलं की जोडाक्षरं आणि रफार मोडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर प्रबंधिका दुरुस्त करून पुन्हा द्यावी लागते, त्याहून जास्त असेल तर कारवाई आणखी कडक. नीट अवतरणचिन्हांत, संदर्भासह दिलेला मजकूर त्यात धरत नाहीत, तेव्हा इतिवृत्तातला ठराव जसाच्या तसा उतरवताना अवतरणचिन्हं, ठराव क्रमांक आणि सभेची तारीख तिथल्या तिथे टाका.